तायडे मॅडमच्या रजेचं कारण

"एवढं मी करतो," असं मी संसारात फार थोड्या वेळा म्हटलं आहे. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा घरातला गळका नळ दुरुस्त करायला घेतला होता. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या अंथरुणापर्यंत पाणी गेलं. नंतर बरीच वर्षं मी ते वाक्य जपून ठेवलं. गेल्या नोव्हेंबरात पुन्हा बाहेर काढलं, कारण या वेळी काम अगदीच किरकोळ होतं. बायकोचा रजेचा अर्ज तिच्या ऑफिसात नेऊन द्यायचा. एक कागद, एक शिक्का, संपलं. कागदाशी माझा जन्मभराचा संबंध. छत्तीस वर्षं मी अकोल्यातल्या एका लहानशा सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होतो. पगार असा की तो सांगताना मी आपोआप आवाज खाली घेत असे. पेन्शन नाहीच, त्यामुळे ती सांगायची वेळ येत नाही. घर चाललं ते भागीरथाच्या पगारावर. ती झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा एसटीने तासाभरावर, आणि नोकरीची चार वर्षं बाकी.

आता रजा कशासाठी ते सांगायला हवं. दिवाळीच्या सुट्टीत भागीरथाने मला तिची एक किडनी दिली.

हे वाक्य मला आज लिहिता आलं. तेव्हा ते तोंडातून निघत नव्हतं, आणि पुढचा सगळा घोळ तेवढ्यामुळेच झाला.

ऑपरेशन अमरावतीला झालं. तारीख तिनेच ठरवली. शाळेला सुट्टी लागली त्याच्या दुसऱ्या दिवशीची, म्हणजे रजा कमी लागेल. किडनी देतानाही चार किरकोळ रजा वाचवणारी बाई आहे ती. दवाखान्याच्या कमिटीने तिला विचारलं होतं, "तुमच्यावर मिस्टरांचा काही दबाव?"

"दबाव?" ती म्हणाली, "यायच्यानं चायचा दुसरा कप मांगनं होत नाई. किडनी काय मांगतात!"

कमिटी हसली. मी मान खाली घालून बसलो. मान खाली घालून बसणं हे एकच काम मी आजवर बिनचूक करत आलो आहे.

सुट्टी संपली तरी डॉक्टरांनी तिला एसटीचे धक्के आणि वजन उचलणं बंद सांगितलं होतं. तिने हेडमास्तरांना फोन करून नुसतं 'ऑपरेशन झालं, अर्ज पाठवते' असं सांगितलं. कशाचं ते बोलली नाही, कारण मीच तिला विनवलं होतं, "एवढ्यात कोणाला सांगू नको."

"काहून?"

"लोकांना काय वाटेल?"

"काय वाटन?"

काय वाटेल ते मला पक्कं ठाऊक होतं. ज्या माणसाने घरात कधी पुरेसा पगार आणला नाही, त्याने शेवटी बायकोचं हेही घेतलं, असं वाटेल. निदान मला तरी तसंच वाटत होतं. पण हे तिला कसं सांगणार? मी म्हटलं, "उगाच नजर लागते." आयुष्यभर बुद्धिवादाची पुस्तकं देणाऱ्या माणसाच्या तोंडी हे ऐकून ती माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली, आणि बरं म्हणाली.

शेजारच्या रहिमाबींच्या घराला मात्र सगळं ठाऊक होतं. त्यांचा मुलगा वकार रिक्षा चालवतो आणि त्यानेच आम्हाला स्टेशनवर सोडलं, आणलं होतं. मी अर्ज घेऊन निघालो तेव्हा मायलेक आणि रहिमाबींचे यजमान बद्रुद्दीनभाई, तिघेही फाटकाशी उभे होते.

"भाईसाब, तुमी कायले जाता?" रहिमाबी म्हणाल्या, "डॉक्टरनं गर्दीत जाऊ नका सांगतलं ना तुमाले? वकारच्या हाती देऊन द्या न कागद."

"जाऊ दे त्याले," बद्रुद्दीनभाई म्हणाले. त्यांचं तीस वर्षं सायकलचं दुकान होतं, त्यामुळे कोणाची हवा कुठून जाते ते त्यांना बघताक्षणी कळतं. "घरात बसून बसून शर्मिंदा होऊन राहिला तो. कुछ तो करने दे."

तोंडाला मास्क, हातात पिशवी, पिशवीत भागीरथाने सही केलेला अर्ज, असा मी निघालो. ते पंचायत समितीचं शिक्षण विभागाचं ऑफिस. तालुक्याचं नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता.

रजेचं टेबल देवमनबाबूंचं. पन्नाशीचे, कपाळावर चष्मा, माणूस मनाचा चांगला. आणि सगळी अडचण त्या चांगुलपणानेच झाली. खडूस माणूस असता तर त्याने मला हाकलून दिलं असतं आणि मी वाचलो असतो.

"तायडे मॅडमचे मिस्टर का? या, बसा काकाजी." त्यांनी अर्ज पाहिला. "याच्यात आजार कोनता ते लिव्हलंच नाई मॅडमनं. बाईले झालं काय?"

खरं म्हणजे बाईला काहीच झालं नव्हतं. बाई ठणठणीत होती, म्हणून तर तिची किडनी घेतली. पण सरकारी छापील अर्जात ठणठणीत माणसाला आजारपणाची रजा देण्याची सोय नाही. आजाराच्या रकान्यात आजारच लागतो.

"ऑपरेशन झालं," मी म्हणालो.

"कायचं?"

माझ्यामागे पाच-सहा शिक्षक उभे होते. एक जण तर माझ्या खांद्यावरून अर्ज वाचत होता. 'तिने मला किडनी दिली' हे चार शब्द मी मनात तयार केले, घशापर्यंत आणले, आणि तिथे मास्क होता म्हणा किंवा काही म्हणा, ते परत खाली गेले.

"पोटाचं," मी म्हणालो.

देवमनबाबूंनी मागच्या शिक्षकांकडे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं, "पिशवी काढली का?"

मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही त्या क्षणी ठरवता आलं नाही. देवमनबाबूंनी मात्र ठरवलं. त्यांनी रकान्यात सुवाच्य अक्षरात 'गर्भाशयाची शस्त्रक्रिया' असं लिहिलं आणि माझा हात थोपटला.

"लाजू नका काकाजी. आमच्या घरीबी झालं तीन वर्षांखाली. उलट बरं असते. सर्टिफिकेट मांगून जोडा. पन बाईले पान्याचा हंडा उचलू देऊ नका हां."

या क्षणी मी 'थांबा' म्हणायला हवं होतं. तसं न म्हणता मी 'आभारी आहे' म्हणालो.

घरी आल्यावर भागीरथाने विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "झालं." ते खोटं नव्हतं. झालं तर होतंच.

तिसऱ्या दिवशी रविवार होता. अकराच्या सुमाराला फाटकाशी स्कूटी थांबली. तिच्या शाळेतल्या आचल मॅडम आणि पायल मॅडम भेटीला आल्या होत्या. आपल्याकडे कोणाचं ऑपरेशन झालं आणि भेटीला गेलं नाही, तर ऑपरेशन झालेल्या माणसापेक्षा न गेलेल्याचीच चर्चा जास्त दिवस चालते. एकीच्या हातात डिंकाच्या लाडवांचा डबा, दुसरीच्या हातात वरूडच्या संत्र्यांची पिशवी. भागीरथा आत झोपली होती. मी धावत जाऊन फाटक आतून धरलं.

"डॉक्टरांनी भेटायला मनाई केली आहे," मी म्हणालो. हे शंभर टक्के खरं होतं. फक्त ती मनाई माझ्यासाठी होती.

"बाई गं!" आचल मॅडम म्हणाल्या, "म्हणून तुम्ही घरातसुद्धा मास्क लावला का सर? मॅडमले इन्फेक्शन होऊ नये म्हणून? आमचे मिस्टर तर बाळंतपणातही उशाशी बसून शिंकत होते!"

"सर, लाडू रोज एक द्या त्यांना," पायल मॅडम म्हणाल्या, "कंबर धरते या ऑपरेशननंतर. माझ्या आत्याची तर…"

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून रहिमाबींनी हाक दिली, "कोन आलं भाईसाब? भाभीच्या शाळेच्या का? अरे, त्यायले सांगा न भाभीनं केवढं मोठ्ठं काम केलं ते! अचलपूरले माह्या माहेरपर्यंत मी सांगून राहिली, अन् तुमी…"

"मांजर!" मी ओरडलो.

तिथे मांजर नव्हतं. पण रहिमाबींच्या घरात दूध उघडं असतं हे मला ठाऊक होतं, आणि त्या आत धावल्या. त्या परत यायच्या आत मी डबा आणि संत्री घेऊन दोघींना निरोप दिला. बासष्ट वर्षांच्या, भिडस्त, मांजर म्हणून ओरडणाऱ्या माणसाची आत्मप्रतिष्ठा म्हणून जी काही असते, ती त्या फाटकाशी पडली आणि मी ती उचलायला वाकलो नाही, कारण मलाही वाकायला बंदी होती.

संध्याकाळी भागीरथा लाडू खात मोबाइल पाहत होती. तिच्या शाळेच्या ग्रुपवर आचल मॅडमनी माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. बायकोची सेवा कशी करावी हे तायडे सरांकडून शिकावं, घरातसुद्धा मास्क, कोणाला आत येऊ देत नाहीत, आदर्श पती. खाली एकोणीस अंगठे आणि एक फूल. मी पिणार होतो ते पाणी तसंच ठेवलं.

"अन् हे हेडमास्तर पाहा, हापिसातून कळलं असन त्यायले," ती म्हणाली, "'काळजी करू नका मॅडम, हे ऑपरेशन आजकाल सर्रास होतं.' सर्रास! बाप्पा, किडनी देनं सर्रास कवापासून व्हाले लागलं?"

"शिकलेले लोक आहेत," मी म्हणालो, "त्यांना सगळं सर्रास वाटतं."

तिला जरा वाईट वाटलं हे मला दिसलं. तिने मोबाइल उलटा ठेवला. मी त्या वेळी सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी तिला दुसरा लाडू दिला.

डिसेंबर लागला आणि तिचा पगार आला नाही. सर्टिफिकेटशिवाय रजा मंजूर नाही आणि मंजुरीशिवाय पगार नाही, हे देवमनबाबूंनी फोनवर मोठ्या दुःखाने सांगितलं. आता सर्टिफिकेट जोडायचं तर त्यावर किडनी होती आणि अर्जावर पिशवी. मी म्हटलं, आणतो. आणि घरी तिला सांगितलं की ऑफिसात साहेब सुट्टीवर आहेत.

इकडे माझ्या गोळ्यांचा खर्च. नवी किडनी अंगाने परकी समजून हाकलून देऊ नये म्हणून सकाळ-संध्याकाळ गोळ्या घ्याव्या लागतात, जन्मभर. महिन्याचे चौदा हजार. ऑपरेशनला साठवलेलं गेलं होतं, उरलं ते अमरावतीच्या खोलीभाड्यात आणि तपासण्यांत गेलं. बद्रुद्दीनभाई म्हणाले, "बिलाचा कागद टाका न. सरकारी नोकरी हाये भाभीची. आदमीच्या इलाजाचा पैसा भेटते."

मिळतो, पण आदमी बाईवर अवलंबून असला तरच. त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. बद्रुद्दीनभाई सोबत आले. सेतू केंद्रातल्या टायपिस्टने मजकूर मोठ्याने वाचत टाइप केला, "मी, धर्मपाल तायडे, वय बासष्ट, माझ्या पत्नीवर… काका, 'पूर्णपणे' ठेवू का 'अंशतः'?"

रांगेतले सगळे माझ्याकडे बघू लागले. मी विचारात पडलो. वाचनालयात जिल्हा ग्रंथोत्सवाचं मानधन एकदा मिळालं होतं.

"पूर्णपणेच ठेव बे," बद्रुद्दीनभाई मागून म्हणाले, "खोटं कायले लिव्हायचं?"

ते बिल ऑफिसात टपालाने पाठवून दिलं, म्हणजे देवमनबाबूंचं तोंड बघायला नको. बिलासोबत दवाखान्याचे सगळे कागद लागतात. ते सगळे जोडले. वाचनालयात मी एका पुस्तकाला एकच नंबर देत असे. एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी झाल्या की घोटाळा होतो, हे मी छत्तीस वर्षं लोकांना सांगितलं. आणि तरीही दोन्ही कागद त्याच एका टेबलावर जाणार हे माझ्या लक्षात आलं नाही.

आठवड्याने देवमनबाबूंचा फोन आला. आवाजात पूर्वीची माया नव्हती, नुसतं कुतूहल होतं.

"काकाजी, एक विचारू? मॅडमची पिशवी अन् किडनी एकाच दिवशी काढली का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"न्हाई म्हंजे, होत असन बाप्पा. मोठे दवाखाने झाले आता. पन नव्या साहेबांनी, म्हंजे आकांक्षा मॅडमनं, दोन्ही फायली समोर ठेवल्या. त्या म्हनतात, एकतर रजा खोटी, नाईतर बिल खोटं. पत्र निघालं हाये."

पत्र आलं ते भागीरथा आंघोळीला गेली असताना, हे माझं नशीब की दुर्दैव, कोण जाणे. 'सदर शिक्षिकेने दिशाभूल केल्याचे दिसते. पंधरा दिवसांत खुलासा करावा, अन्यथा रजा विनावेतन धरून शिस्तभंगाची कारवाई प्रस्तावित करण्यात येईल.' एकतीस वर्षांच्या नोकरीत त्या बाईला कधी साधा मेमो नव्हता. मी पत्राची घडी घातली आणि ते एका जाड शब्दकोशात ठेवलं. तो कोश घरात माझ्याशिवाय कोणी उघडत नाही.

आणि मग मी जे केलं ते सांगायला मला सगळ्यात जास्त जड जातं. मी संध्याकाळची गोळी घेणं बंद केलं. माझा हिशोब असा की पगार थांबला तो माझ्यामुळे, तेव्हा निम्मा खर्च मी वाचवतो. एवढं मी करतो. रोज संध्याकाळी आठला मी पाण्याचा पेला तोंडाला लावत असे आणि गोळी खिशात टाकत असे. आपण काहीतरी त्याग करतो आहोत असं आठ दिवस वाटलं. त्या त्यागाची मी मनातल्या मनात थोडी तारीफही केली.

मग अमरावतीची तपासणीची तारीख आली. बडनेरा स्टेशनवर उतरलो, दवाखान्यात रक्त दिलं, दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी आकडा पाहिला आणि चष्मा काढला.

"गोळ्या वेळेवर घेता ना काका?"

मी मान हलवली.

"हे मान हलवनं मले ठाऊक आहे," भागीरथा म्हणाली. "ती गोळ्यांची पिशवी इकडे द्या."

तिने माझी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर रिकामी केली आणि हजेरी घ्यावी तशा गोळ्या मोजल्या. मग माझ्या शर्टाच्या, कोटाच्या, पँटच्या खिशांत हात घातला.

"आठ जास्तीच्या निघाल्या," ती म्हणाली. "कायच्या आहेत या?"

मी तिथेच, डॉक्टरांसमोर, नर्ससमोर, सगळं सांगितलं. गोळ्या, पगार, पत्र, शब्दकोश, आणि शेवटी पिशवी. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो, म्हणून तिचा चेहरा दिसला नाही. डॉक्टरांचे बूट मात्र चांगले लक्षात आहेत.

"तीन दिवस भरती व्हा," डॉक्टर म्हणाले. "वेळेत आलात म्हणून. आणखी पंधरा दिवस केलं असतं तर मॅडमची किडनी गेली असती."

'तुमची' म्हणाले नाहीत, 'मॅडमची' म्हणाले. तीन दिवस सलाइन लागलं. त्याला जो खर्च आला त्यात माझ्या संध्याकाळच्या गोळ्या तीन महिने आल्या असत्या.

पहिला दिवस भागीरथाने माझ्या गोळ्या स्वतःच्या हाताने भरवल्या. दुसऱ्या दिवशी मोसंबी सोलता सोलता म्हणाली, "मले पगाराचं काही नाई. तो येईन नाईतर नाई येईन. मेमोचंही नाई. पन तुमी लोकायले माही पिशवी काढली म्हून सांगतलं. अन् मी दिली ते लपवलं."

"मला लाज वाटली."

"कायची? माही?"

"माझी. मी घेतली त्याची."

"मंग घेताना नाई वाटली का?"

मी म्हटलं, "वाटली. पण जगावंसंही वाटलं."

तिने मोसंबीची फोड माझ्या हातात दिली. "मंग तेच सांगा. हापिसात. मी येतो सोबत. पन बोलायचं तुमी."

खुलासा मीच लिहायचा ठरलं. माझं अक्षर हा माझा एकमेव अभिमान. वाचनालयातल्या तालिकेची कार्डं बघायला लोक येत असत. पण या गोळ्यांनी हात थरथरतात. चार वेळा लिहिलं, चारही वेळा कागदावरून कोंबडी चालून गेल्यासारखं दिसलं. पाचव्यांदा जसं जमलं तसं पाकिटात घातलं.

सोमवारी वकारच्या रिक्षाने दोघं ऑफिसात गेलो. नेमकी त्या दिवशी कसल्याशा प्रशिक्षणाची नावनोंदणी होती. तालुक्यातले तीस-चाळीस शिक्षक व्हरांड्यापासून टेबलापर्यंत भरले होते. आचल मॅडम, पायल मॅडम, हेडमास्तर, सगळे. भागीरथाला देवमनबाबूंनी दाराशी खुर्ची दिली. मी आकांक्षा मॅडमच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्या वयाने माझ्या मुलीसारख्या असतील, मला मुलगी असती तर. त्यांनी खुलासा उघडला, जवळ धरला, लांब धरला.

"सर, हे अक्षर काही लागत नाही हो मला. तुम्हीच वाचून दाखवा."

"इथे?"

"मग कुठे?"

मी मागे पाहिलं. भागीरथा पदर नीट करून सरळ बसली होती, वर्गात तपासणीला साहेब आल्यावर बसतात तशी. मी मास्क किंचित खाली घेतला. डॉक्टरांनी माफ करावं.

"महोदया," मी वाचायला सुरुवात केली, आणि माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"मोठ्यानं, काकाजी," देवमनबाबू म्हणाले.

"महोदया, माझी पत्नी भागीरथा हिला कोणताही आजार झालेला नाही. तिचे गर्भाशय जागेवर आहे." मागे कोणीतरी खोकललं. "माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यामुळे तिने स्वखुशीने तिची उजवी किडनी मला दिली. तिने कोणाचीही दिशाभूल केलेली नाही. दिशाभूल मी केली. बायकोकडून घेतले हे सांगण्याची मला लाज वाटली. इतर सर्व बाबतींत मी आयुष्यभर तिच्याकडूनच घेत आलो, तरी ही लाज मला याच वेळी का वाटली याचा खुलासा मला देता येत नाही. शिक्षा करावयाची झाल्यास ती मला करावी. परंतु मी आपल्या खात्यात नोकरीस नाही, याबद्दल दिलगीर आहे."

पंखा होता तेवढ्याच जोरात फिरत होता. मग पायल मॅडम गर्दीतून निघाल्या आणि भागीरथाजवळ जाऊन खाली बसल्या. आचल मॅडम गेल्या. हेडमास्तर 'मॅडम, मी सर्रास लिहिलं हो' असं म्हणत गेले. दोन मिनिटांत दाराशी इतके लोक झाले की भागीरथा दिसेना. माझ्याकडे कोणी पाहत नव्हतं. मला ते अगदी योग्य वाटलं.

"मॅडमच्या खात्यावर अर्जित रजा आहे भरपूर," आकांक्षा मॅडम म्हणाल्या. "किडनी देणाऱ्यांना वेगळी रजा आहे का, ते मी वर विचारते. तोवर ही मंजूर करते. पुढच्या बिलात पगार निघेल. मेमो रद्द." आणि त्यांनी माझ्या कोंबडीच्या पायांवर स्वतःच्या हाताने शिक्का मारला.

देवमनबाबू मला सोडायला दारापर्यंत आले. "काकाजी, हे त्याच दिवशी सांगतलं असतं तर मी तुमाले चाय पाजला असता," ते म्हणाले. "मीबी येडाच. तुमाले पाहून मले वाटलं, सरळ मानूस हाये."

रिक्षा निघाली. भागीरथाच्या मांडीवर कोणीतरी दिलेला गुलाब होता. तो पदराला खोचत ती म्हणाली.

"चांगलं वाचलं."

मला एकदम हलकं वाटलं. इतक्या वर्षांत तिने माझी स्तुती फारशी केली नव्हती, आणि मी तशी संधीही दिली नव्हती.

"फक्त उजवी नाई," ती म्हणाली, "डावी."

"काय?"

"डावी किडनी दिली मी. तुमच्या उजव्या बाजूले बसवली, म्हून ती उजवी होते का? वाचनालयातलं कोनतं पुस्तक कोन्या फळीवर आहे ते झोपेत सांगत होते तुमी. बायकोची कोनती किडनी घेतली ते मात्र ठाऊक नाई. जाऊ द्या आता."

मी उजव्या बाजूला हात ठेवला. दोन महिने मी ती किडनी तिथलीच समजत होतो. ती आधी कुठे होती हे मी एकदाही विचारलं नव्हतं. ऑफिसात अजून तीस-चाळीस माणसं असतील, सगळी तीच.

"वकार," मी म्हणालो, आणि या वेळी आवाज मला स्वच्छ ऐकू आला, "रिक्षा वळव."

"काहून चाचा? काही राह्यलं का?"

"चुकीचं वाचलं मी. परत वाचायचं आहे."

"अहो, जाऊ द्या म्हनलं ना!" भागीरथा म्हणाली. पण वकारला थांब म्हणाली नाही.